‘परवानगी नाकारली’ : एका इशाऱ्याची उकल

का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली, असे मानले जाते. तेव्हापासून निघालेल्या अंकांपैकी जमतील तेवढ्यांची सूची करावी, कोणाचे काय कुठे छापून आले ते एका ठिकाणी नोंदवावे, या हेतूने मी काही वर्षांपूर्वी कामाला लागलो. राहायला डोंबिवलीत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. इतक्या जुन्या संस्था लोकलच्या अंतरावर असताना घरी बसून राहायला सबब नव्हती.

सुरुवात कार्डांनी झाली. एका कार्डावर एक नोंद : अंक, वर्ष, लेखक, शीर्षक, प्रकार, पृष्ठ. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’त आधी १८०० ते १९३७ आणि मग १९३८ ते १९५० या काळातली पुस्तके नोंदवली ती संगणकाचा आधार नसताना, हे डोळ्यांसमोर होते. पण बुटांची तीन खोकी भरली तेव्हा अडचण कळली. कार्डे एकाच क्रमाने लावता येतात. लेखकानुसार लावली की वर्षानुसार काही सापडत नाही. ‘या लेखिकेच्या दहा वर्षांतल्या कथा कोणकोणत्या अंकांत आल्या?’ असा प्रश्न खोक्याला विचारता येत नाही, तो डेटाबेसला विचारता येतो. म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी डेटाबेस शिकायला बसलो. गुरू कोणी नव्हता. पुस्तके होती आणि चुका होत्या.

त्या शिकण्यात एक इशारा माझ्या वाट्याला इतक्या वेळा आला की शेवटी त्याचाच शोध घ्यावा लागला. या लेखाचा विषय तो इशारा आहे. दिसायला तो क्षुल्लक आहे. पण त्याचा अर्थ न कळल्यामुळे मी तीन महिन्यांचे काम गमावले आणि दोनशेहून अधिक माणसांची माहिती उघडी टाकण्याच्या बेतात होतो. सूची, सभासदांच्या याद्या, हस्तलिखितांच्या नोंदी असे काम आता आपल्याकडची बरीच माणसे हौसेने संगणकावर करतात. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा सारा हिशेब मांडतो आहे.

यंत्र आणि त्यातली मंडळी

आमच्या भागातल्या एका ग्रंथालयाने मोडीत काढायला ठेवलेला संगणक मला कामासाठी वापरू दिला. अट एकच : त्यावर ग्रंथालयाच्या सभासदांची यादीही सांभाळायची. नाव, पत्ता, फोन नंबर, कोणते पुस्तक कधी नेले. संगणकावर उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती घातली आणि डेटाबेससाठी पोस्टग्रेसक्यूएल निवडले. दोन्ही विनामूल्य. पोस्टग्रेसचे मूळ अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी तिथे सत्तरच्या दशकात ‘इन्ग्रेस’ हा डेटाबेस उभा केला आणि त्यानंतरचा म्हणून १९८६ साली ‘पोस्टग्रेस’चे काम हाती घेतले. १९९६ पासून त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे आजचे नाव आहे.

अशा संगणकावर एकाच यंत्रात अनेक ‘वापरकर्ते’ असतात आणि ती सगळी हाडामांसाची माणसे नसतात. माझे स्वतःचे एक खाते. सर्वाधिकारी असे ‘रूट’ नावाचे एक खाते. आणि डेटाबेस बसवला की ‘पोस्टग्रेस’ नावाचे आणखी एक खाते आपोआप तयार होते. डेटाबेसच्या साऱ्या फायली या तिसऱ्याच्या मालकीच्या. हा बंदोबस्त मुद्दाम केलेला आहे. रूटच्या नावाने सुरू करू गेले तर पोस्टग्रेसचा सर्व्हर सुरू व्हायलाच नकार देतो. सर्वाधिकाऱ्याच्या हाताने चालणाऱ्या कामात एखादे भोक राहिले तर चोराच्या हातीही सर्वाधिकार जातात. म्हणून ज्याला जेवढे लागते तेवढेच अधिकार त्याला द्यावेत. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात संगणकातील माहितीच्या रक्षणाची जी तत्त्वे सांगितली, त्यांतले हे एक.

मात्र सुरुवातीला डेटाबेसमध्ये शिरायचे तर पोस्टग्रेसच्याच नावाने शिरावे लागते. त्यासाठी ‘सूडो’ नावाची आज्ञा आहे. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठात, बफेलो इथे, बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ती लिहिली. ‘सूडो, पोस्टग्रेसच्या नावाने पीएसक्यूएल चालव’ असे सांगायचे. पीएसक्यूएल म्हणजे डेटाबेसशी बोलण्याची खिडकी. एकदा संगणकाची आवृत्ती बदलली आणि हीच नेहमीची आज्ञा दिल्यावर पडद्यावर ओळ आली : ‘कुड नॉट चेंज डिरेक्टरी टू’, पुढे माझ्या घरच्या फोल्डरचा पत्ता आणि शेवटी ‘परमिशन डिनाइड’. म्हणजे, ‘या फोल्डरमध्ये जाता आले नाही, परवानगी नाकारली.’

गंमत म्हणजे त्याच्या पुढच्याच ओळीत खिडकी उघडली. प्रश्न विचारले, उत्तरे आली. परवानगी नाकारली आणि कामही झाले. मग नाकारले काय आणि कोणाला?

फोल्डरचे दार

उत्तरासाठी युनिक्सकडे जावे लागते. लिनक्स ज्या वळणावर बेतलेले आहे ती ही प्रणाली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडवली. १९७४ साली त्यांनी तिचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक फाइलीला सात खुणा असल्याचे सांगितले आहे : वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तीन परवानग्या मालकासाठी, त्याच तीन इतरांसाठी, आणि सातवी एक खास. मालक आणि इतर यांच्यामध्ये ‘गट’ हा तिसरा वर्ग पुढे आला. सातवी खूण रिची यांची. एखादा प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे तर त्या प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकाराने चालावा, अशी ती सोय. तिचे पेटंट १९७९ साली मिळाले. आजचा सूडो याच खुणेच्या जोरावर दुसऱ्याचे नाव धारण करतो.

फाइलीच्या बाबतीत वाचणे-लिहिणे-चालवणे सहज समजते. फोल्डर ‘चालवणे’ म्हणजे काय? याचा अर्थ मला बरेच दिवस लागत नव्हता. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे त्यातून जाणे. आपल्याकडच्या सोसायटीचे उदाहरण घेतले की उलगडा होतो. मुख्य दाराशी रहिवाशांच्या नावांची पाटी असते. ती पाटी वाचता येणे ही ‘वाचण्या’ची परवानगी. नवे नाव लावणे किंवा असलेले काढणे ही ‘लिहिण्या’ची (आत जाता येत असेल तरच तिचा उपयोग). आणि दारातून आत पाऊल टाकता येणे ही ‘चालवण्या’ची. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. पाटी वाचता आली तरी वॉचमन आत सोडेलच असे नाही. उलट पाटी झाकलेली असली तरी ज्याला आत सोडतात आणि ज्याला घर नंबर ठाऊक आहे, तो थेट त्या घरापर्यंत पोहोचतो.

आणखी एक गोष्ट. चौथ्या मजल्यावर जायचे तर फाटक, विंगचे दार, जिना हे सगळे ओलांडावे लागते. संगणकातही एखाद्या फाइलीपर्यंत जायचे तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याची परवानगी लागते. मधले एक दार बंद असले की पुढचे घर सताड उघडे असूनही उपयोग नाही.

नाव बदलले, जागा बदलली नाही

आता इशाऱ्याकडे. या जातीच्या संगणकात चालणारा प्रत्येक प्रोग्राम कुठल्या तरी फोल्डरमध्ये ‘उभा’ असतो. आज्ञा देताना मी जिथे असेन तिथेच तोही उभा राहतो. मी माझ्या घरच्या फोल्डरमधून सूडोला हाक मारली. सूडोने प्रोग्रामचे नाव बदलले, त्याला पोस्टग्रेस केले. पण जागा बदलली नाही. म्हणजे पोस्टग्रेस नावाचा एक परका गृहस्थ एकदम माझ्या माजघरात उभा राहिला, जिथे दारातून आत येण्याची त्याला परवानगीच नाही.

तरी तो उभा राहू शकतो, कारण दार ओलांडताना तपासणी होते, आधीच आत असलेल्याची होत नाही. गडबड होते ती तो एकदा बाहेर पडला की. आणि पोस्टग्रेसची साधने बाहेर पडत असत. सुरू झाल्याबरोबर ही साधने आधी ‘आपण स्वतः कुठे ठेवलेलो आहोत’ याचा शोध घेतात, कारण त्यावरून त्यांना सोबतच्या इतर फायलींचा ठावठिकाणा लागतो. हा शोध घेण्याची जुनी रीत अशी : सध्याची जागा लक्षात ठेवायची, प्रोग्राम जिथे आहे त्या फोल्डरमध्ये जायचे, खरा पत्ता टिपायचा आणि मूळ जागी परत यायचे. परत येताना माझ्या घराचे दार त्याला लागले आणि तिथे परवानगी नव्हती. इशारा नेमका एवढेच सांगत होता. डेटाबेसने काही नाकारले नव्हते. माझ्या घरच्या फोल्डरने पोस्टग्रेसला नाकारले होते, आणि ते योग्यच होते.

२०२३ साली आलेल्या १६व्या आवृत्तीपासून ही साधने जागचे न हलता आपला पत्ता काढतात. त्यामुळे हा इशारा आता जुन्या आवृत्त्यांवर भेटतो. छोट्या संस्थांमध्ये जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे चालतात, म्हणून तो अजून पुष्कळांना भेटणार.

आधी कधी न दिसलेला इशारा मला अचानक का दिसू लागला, याचेही उत्तर मिळाले. पूर्वी उबुंटूत घरचे फोल्डर सर्वांना आत येण्यासाठी उघडे असे. एप्रिल २०२१ च्या आवृत्तीपासून नव्याने बनणारे घरचे फोल्डर इतरांना बंद ठेवण्याचा नियम झाला. मी नवी आवृत्ती पहिल्यापासून घातली आणि माझ्या नकळत दाराला कडी लागली. तोवर पोस्टग्रेस माझ्या घरातून ये-जा करत होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. रूटचे घर मात्र पहिल्यापासून बंदच असते, त्यामुळे तिथे उभे राहून आज्ञा देणाऱ्यांना हा इशारा कधीपासून परिचयाचा आहे.

निरुपद्रवी इशाऱ्याचा उपद्रव

‘काही होत नाही, दुर्लक्ष करा’ असा सल्ला मला मिळाला आणि मी तो मानला. इथे माझी चूक झाली.

दर रविवारी मी सूचीचा बॅकअप घेत असे. त्याची आज्ञा ‘पीजी-डंप’. पोस्टग्रेसच्या नावाने पीजी-डंप चालवायचा आणि बाणाची खूण देऊन त्याचा मजकूर एका फाइलीत वळवायचा. इशारा येई, बॅकअपही होई. एकदा मी आज्ञा नीटनेटकी करायला गेलो. बाणाऐवजी पीजी-डंपलाच फाइलीचे नाव दिले आणि तिथे लिहायला सांगितले. पडद्यावर आता दोन ओळी आल्या. दोन्हींच्या शेवटी ‘परमिशन डिनाइड’. मी म्हटले, नेहमीचेच.

ते नेहमीचे नव्हते. पहिली ओळ ओळखीचा इशारा होती, दुसरी खरी चूक होती : फाइल उघडता आली नाही. फरक असा की बाणाची खूण दिली की फाइल उघडण्याचे काम माझी कमांडची खिडकी माझ्या नावाने, माझ्या घरात करते. पीजी-डंप फक्त मजकूर ओततो. पण फाइलीचे नाव पीजी-डंपला दिले की लेखणी पोस्टग्रेसच्या हातात जाते. मी पूर्ण पत्ता न देता नुसते नाव दिले होते, म्हणजे ‘जिथे उभा आहेस तिथे लिही’. आणि तो उभा होता प्रोग्रामांच्या फोल्डरमध्ये, कारण परतीचे दार बंद होते. तिथे लिहिण्याचा अधिकार फक्त रूटला. बॅकअप झालाच नाही.

शंका यायला हवी होती, पण माझ्या फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी फाइल होती. ती पाहून मी निर्धास्त होत असे. तारीख पाहिली नाही. तीन महिन्यांनी संगणकाची डिस्क बसली तेव्हा हाती आला तो तीन महिन्यांपूर्वीचा बॅकअप. सुदैवाने मी कार्डे लिहिणे सोडले नव्हते. मधल्या साऱ्या नोंदी कार्डांवरून पुन्हा भरल्या. त्यात गणपती आणि नवरात्र दोन्ही गेले.

कडी काढण्याचा मोह

दुसरी चूक होता होता राहिली. डिस्क बदलल्यावर मी ठरवले, हा इशाराच नको. सर्वांत सोपा उपाय म्हणजे परवानग्या बदलणाऱ्या आज्ञेने घरचे फोल्डर सर्वांना उघडे करून टाकायचे. सात-सात-सात हा आकडा त्यासाठी प्रसिद्ध आहे. मालक, गट आणि इतर या तिघांनाही तिन्ही परवानग्या. इशारा खरोखरच नाहीसा होतो.

आज्ञा लिहून झाली होती. पाठवण्याआधी आत काय आहे ते पाहावे म्हणून यादी काढली आणि थांबलो. घरच्या फोल्डरमध्ये सभासदांची यादी होती, वर्गणी थकलेल्यांची वेगळी यादी होती, कोणी काय वाचले त्याची नोंद होती. नव्याने बनणाऱ्या फायली सर्वसाधारणपणे ‘इतरांना वाचता येतील’ अशाच बनतात. तोवर त्या सुरक्षित होत्या त्या केवळ बाहेरचे दार बंद होते म्हणून. ती एकच कडी होती आणि तीच मी काढत होतो. त्या संगणकावर ग्रंथालयातल्या आणखी चार जणांची खाती होती. त्यांच्यापैकी कोणी वाईट नव्हते. पण एखादी बाई कोणत्या आजारावरची पुस्तके नेते, एखादा गृहस्थ घटस्फोटाच्या कायद्यावरची का नेतो, हे चौघांना कळण्याचे कारण नाही. २०२३ साली आपल्याकडे व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो नसता तरी ग्रंथपालाच्या धर्मात हे बसत नाही.

सात-सात-सातचा आणखी एक तोटा. घरचे फोल्डर इतरांना लिहिण्यासाठी उघडे असेल तर दुरून किल्ली वापरून शिरण्याची सोय संगणक सहसा बंद करतो. आपणच बाहेर अडकतो. आणि पोस्टग्रेस स्वतः दारांच्या बाबतीत फार कडक आहे. त्याच्या माहितीचे फोल्डर गरजेपेक्षा जास्त उघडे दिसले तर सर्व्हर सुरूच होत नाही. पासवर्डांची फाइल इतरांना वाचता येत असेल तर त्याची साधने ती फाइल मोजतच नाहीत. ज्या डेटाबेसला आपली दारे अशी लागतात, त्याच्या इशाऱ्यावर उपाय म्हणून आपले दार काढून टाकायचे, हे विसंगत आहे.

मग करायचे काय

दाराला हात लावायचा नाही, आपण उभे असलेली जागा बदलायची. आज्ञा देण्याआधी सर्वांना खुल्या असलेल्या फोल्डरमध्ये जावे. ‘टेम्प’ नावाचे तात्पुरत्या फायलींचे फोल्डर यासाठी चालते. तिथून तीच आज्ञा दिली की इशारा येत नाही, कारण परतीच्या दारातून जाण्याची पोस्टग्रेसला मुभा असते. मात्र टेम्पमध्ये बॅकअप ठेवू नये, ती चावडी आहे. दुसरा मार्ग, सूडोलाच ‘पोस्टग्रेसच्या घरी जाऊन मग सुरू कर’ असे सांगणे. त्याच्या आज्ञेत त्यासाठी ‘आय’ हे अक्षर जोडतात. मग नावाबरोबर जागाही बदलते.

फाइल लिहायची असेल तर आधी ठरवावे की लेखणी कोणाच्या हातात आहे. ती आपल्या हातात ठेवायची तर बाणाची खूण. पोस्टग्रेसच्या हातात द्यायची तर जिथे त्याला लिहिता येते अशा जागेचा पूर्ण पत्ता. नुसते नाव कधीही नाही.

सर्वांत चांगला उपाय मात्र मला शेवटी सुचला : रोजच्या कामाला पोस्टग्रेस व्हायचेच कशाला? डेटाबेसमध्ये माझ्याच नावाची एक भूमिका तयार केली आणि तिला फक्त सूचीवर अधिकार दिला. संगणकावरचे खाते आणि डेटाबेसमधली भूमिका यांचे नाव एकच असेल तर उबुंटूतला पोस्टग्रेस वेगळा पासवर्ड न मागता आत घेतो. आता मी माझ्या घरातून, माझ्या नावाने काम करतो. इशारा येत नाही, कारण नाव बदलत नाही. सभासदांची यादी वेगळ्या भूमिकेखाली ठेवली आहे आणि ती ग्रंथपालांच्या ताब्यात आहे. सूची करताना मला ती दिसतही नाही.

त्या संगणकाच्या वर भिंतीला एक कार्ड चिकटवले आहे, खोक्यातलेच एक कोरे. माझ्यानंतर तिथे बसणाऱ्यासाठी त्यावर तीन ओळी लिहिल्या आहेत : ‘परवानगी नाकारली’ दिसले तर आधी कोणी कोणाला नाकारले ते वाचा. ओळी किती आल्या ते मोजा. बॅकअपच्या फाइलीची तारीख आणि आकार पाहिल्याशिवाय यंत्र बंद करू नका.